परका सुगंध : एका जॉर्जियन जेवणाचा इतिहास

त्बिलिसीच्या सोलोलाकी भागात नक्षीदार सज्ज्यांची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची घरे आहेत. त्यांपैकी एका घराच्या तळघरात एक उपाहारगृह आहे. एका संध्याकाळी आम्ही तिथे जेवायला गेलो. मेनूकार्डाच्या माथ्यावर गोल, वळणदार जॉर्जियन अक्षरांत काहीतरी लिहिलेले होते आणि त्याखाली इंग्रजीत 'पारंपरिक जॉर्जियन भोजन' असा खुलासा होता. असे शब्द वाचले की प्रवासी निश्चिंत होतो, आम्हीही झालो. परंतु पुढल्या तीन तासांत टेबलावर जे जे येत गेले, त्याने 'पारंपरिक' या शब्दाचा आमच्या मनातला अर्थ पार विस्कटून टाकला. परतल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा जॉर्जिया कॉकेशस पर्वताच्या दक्षिण उतारावरचा. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहूनही कमी, लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. उत्तरेला रशिया, दक्षिणेला तुर्कस्तान आणि आर्मेनिया, आग्नेयेला अझरबैजान व त्यापलीकडे इराण. एवढ्या वर्णनावरूनच वाचकांच्या लक्षात येईल की या देशाच्या वाट्याला शेजारी कमी आणि साम्राज्ये जास्त आली. अरब, मंगोल, इराणी, उस्मानी, रशियन आणि शेवटी सोव्हिएत : प्रत्येकाने या भूमीवर राज्य केले किंवा तिला लुटले. यांपैकी कितीजण अजून त्या स्वयंपाकघरात ठाण मांडून आहेत, हे आम्हाला त्या संध्याकाळी कळले.

वांगे, टर्की आणि झेंडू

पहिली थाळी आली ती 'बद्रिजानी'ची. तळलेल्या वांग्याच्या लांब चकत्या, त्यांत अक्रोड, लसूण आणि कोथिंबीर वाटून केलेले सारण, वर डाळिंबाचे दाणे. पहिल्या घासालाच ओळख पटली. आपल्याकडे भरल्या वांग्यात शेंगदाण्याचा कूट जे काम करतो, तेच इथे अक्रोड करतो. 'बद्रिजानी' हा शब्द फारसीतील 'बादिंजान'वरून आलेला. आणि 'बादिंजान'चा माग भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातील 'वातिंगण' शब्दापर्यंत नेतात. म्हणजे भारतात लागवडीला आलेले एक फळ इराणमार्गे कॉकेशसला पोहोचले आणि जाताना आपले नावही बरोबर घेऊन गेले. जॉर्जियाच्या ताटातला पहिलाच 'पारंपरिक' पदार्थ असा आपल्या ओळखीचा निघाला.

पाठोपाठ 'सात्सिवी' आली. 'त्सिवी' म्हणजे थंड. अक्रोडाच्या दाट रश्श्यात शिजवलेले मांस थंड करून वाढतात. नाताळ आणि नववर्षाच्या मेजवानीला हा पदार्थ हवाच, आणि परंपरेनुसार तो टर्कीचा हवा. टर्की हा पक्षी मेक्सिकोकडचा. कोलंबसाच्या काळच्या भौगोलिक घोटाळ्यामुळे जगातल्या अनेक भाषांत त्याला 'हिंदुस्थानी' ठरवले गेले. जॉर्जियन भाषेतही त्याचे नाव 'इंदाउरी' आहे, आणि भारताचे 'इंदोएती'. आम्ही कधीही न पाळलेला हा पक्षी आमच्या नावावर जमा झालेला पाहून मौज वाटली.

सात्सिवीचा पिवळसर रंग कशाने येतो, अशी विचारणा केली. उत्तर आले, 'इमेरेतीचे केशर'. हे केशर म्हणजे वाळवून कुटलेल्या झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याला ज्याचे तोरण आपण दाराला बांधतो, तोच झेंडू. आणि झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. दोन देशांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच परदेशी फुलाला आपल्या सणात आणि स्वयंपाकात सामावून घेतले, इतके की आज 'झेंडूविना दसरा कसला' असे आपण म्हणतो तेव्हा चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा दसरा आपल्या मनातही येत नाही.

मग मातीच्या बोळक्यात 'लोबिओ' आले : घेवड्याच्या दाण्यांची दाट उसळ, सोबत 'म्छादी' नावाची मक्याची जाड भाकरी. घेवडा अमेरिकेचा, मकाही अमेरिकेचा. नाव मात्र जुने. फारसीत 'लूबिया', हिंदीत 'लोबिया' म्हणजे चवळी. तोच हा शब्द. जुन्या जगातल्या शेंगांचे नाव नव्या जगातल्या दाण्यांनी घेतले. पश्चिम जॉर्जियातल्या 'घोमी'ची कथा अशीच आहे. आज घोमी म्हणजे मक्याची सरभरीत घाटी. परंतु 'घोमी' हे मूळ नाव एका बारीक तृणधान्याचे, म्हणजे आपल्या राळ्याचे. जाँ शार्दां हा फ्रेंच प्रवासी १६७२ साली मेग्रेलिया प्रांतातून गेला, तेव्हा तिथले लोक भाकरीऐवजी याच धान्याची पेज खातात असे त्याने नोंदवले. पुढे मक्याने राळ्याला शेतातून हुसकावले, पण त्याचे नाव घेऊनच तो घरात शिरला. आपल्याकडे राळा विस्मृतीत गेला तेव्हा त्याचे नावही बहुतेकांच्या तोंडून गेले. तिथे निदान नाव राहिले.

एव्हाना आमच्यात वादाला तोंड फुटले होते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, यात जॉर्जियन ते काय? वांगे भारताचे, टर्की-मका-घेवडा अमेरिकेचे, शब्द इराणचे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हा हिशेब लावला तर कोणत्याच देशाचे ताट उरणार नाही. बटाटा, मिरची, टोमॅटो आणि शेंगदाणा वजा केल्यावर मराठी ताटात तरी काय उरते? 'सारी संस्कृती संकरातूनच घडते' या सुपरिचित निष्कर्षावर येऊन आम्ही थांबणार होतो. तसे थांबलो असतो तर एक महत्त्वाची गोष्ट निसटली असती.

केतेवान

शेजारच्या टेबलावर सात-आठ माणसांची मेजवानी चालू होती. मधेच एक वयस्क गृहस्थ उठून उभा राही, प्याला हातात धरून बराच वेळ बोले, आणि तो थांबेपर्यंत कोणीही ओठाला प्याला लावीत नसे. आम्ही पाहतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले. कुठले, अशी त्याने मानेने पृच्छा केली. भारत म्हटल्यावर त्याचा चेहरा गंभीर झाला. त्याने छातीवर हात ठेवला आणि दोनच शब्द उच्चारले, "केतेवान. गोवा." थोड्या वेळाने त्यांच्याकडून वाइनची एक सुरई आमच्या टेबलावर आली.

ते दोन शब्द समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्व जॉर्जियातील काखेती हे राज्य इराणच्या सफवी साम्राज्याचे मांडलिक होते. राजा तेइमुराझ पहिला याच्या निष्ठेविषयी शहा अब्बासला संशय होता. १६१४ साली त्याची आई, राणी केतेवान, शहाकडे ओलीस म्हणून गेली. त्याच सुमारास शहाच्या फौजा काखेतीत उतरल्या आणि पुढच्या काही वर्षांत तो प्रांत उजाड झाला. हजारो माणसे मारली गेली; लाखाहून अधिक लोकांना इराणात नेऊन वसवले गेले, असे इतिहासकार मानतात. इस्फहानच्या पश्चिमेला फेरेदुनशहर येथे त्यांचे वंशज आजही जॉर्जियन बोलतात. राजाच्या दोन मुलांचे, म्हणजे केतेवानच्या नातवांचे, शहाने खच्चीकरण करविले. दहा वर्षांच्या कैदेनंतर १६२४ साली शिराझ येथे, धर्मांतरास नकार दिल्याबद्दल, राणीला हाल हाल करून ठार मारण्यात आले.

शिराझमधील पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले. त्यांतील काही तेइमुराझकडे पोहोचवले गेले, आणि काही १६२७ साली गोव्याला. जुने गोवे येथील ऑगस्टिनियन मठात ते ठेवले गेले. पुढे मठ ओस पडला, १८४२ साली चर्चचे छत कोसळले आणि आज तिथे एक अर्धवट मनोरा तेवढा उभा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याला तिथल्या उत्खननात काही अस्थी मिळाल्या. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डीएनए चाचण्यांनी २०१३ च्या सुमारास त्या केतेवानच्याच असाव्यात या मताला बळकटी दिली. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांचा एक भाग त्बिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. एरवी आपल्याला परक्या वाटणाऱ्या या देशाची एक राणी जवळजवळ चार शतके आपल्या कोकणपट्टीत विसावली होती.

आता यातील विलक्षण गोष्ट अशी, की तेइमुराझ स्वतः कवी होता. आईच्या हौतात्म्यावर त्याने काव्य लिहिले. परंतु त्याच तेइमुराझने लैला-मजनू आणि युसुफ-झुलेखा यांच्या फारसी आख्यानांना जॉर्जियन रूप दिले. फारसी भाषेच्या माधुर्याने आपल्याला काव्याकडे ओढले, अशी कबुली त्याने मोकळेपणाने दिली आहे. ज्या दरबाराने आई मारली, मुलांना नासवले आणि राज्य उजाड केले, त्या दरबाराची भाषा त्याला गोड लागत होती.

हे कळल्यावर आमच्या टेबलावरचे पदार्थ पूर्वीसारखे निरागस दिसेनात. 'बद्रिजानी' हा शब्द कदाचित व्यापाऱ्याच्या बोलण्यातून आला असेल, कदाचित सैन्याच्या मुदपाकखान्यातून. ज्या मेजवानीला जॉर्जियन लोक आपल्या राष्ट्रीयत्वाची खूण मानतात, तिचे नाव 'सुप्रा'. सुप्रा म्हणजे जेवणाचे कापड. फारसीतील 'सुफ्रा' तो हाच. 'संस्कृती संकरातून घडते' हे वाक्य बोलताना आपण सहसा बाजारपेठा आणि जहाजे डोळ्यांपुढे आणतो. तलवारी आणि हाकलून नेलेल्या माणसांचे तांडे आणत नाही. जॉर्जियाच्या ताटात दोन्ही आहेत, आणि कोणता पदार्थ कोणत्या वाटेने आला हे त्याच्या चवीवरून सांगता येत नाही.

वेल

मग स्वतःचे म्हणावे असे काहीच नाही काय? शेजाऱ्यांनी पाठवलेल्या सुरईत त्याचे उत्तर होते.

त्बिलिसीच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा ही नवाश्मयुगीन वस्तीची ठिकाणे आहेत. तिथल्या मातीच्या भांड्यांच्या खापरांत द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अंश सापडल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. काळ इ. स. पू. ६००० ते ५८००. द्राक्षापासून वाइन केल्याचा याहून जुना पुरावा तेव्हा ज्ञात नव्हता. आजही काखेतीतील शेतकरी 'क्वेव्री' नावाचे, अंड्याच्या आकाराचे प्रचंड रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात आणि द्राक्षाचा रस साली-बियांसकट त्यात आंबवतात. पांढऱ्या द्राक्षांची वाइनही त्यामुळे अंबरासारख्या रंगाची आणि तुरट होते. २०१३ साली युनेस्कोने ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. जॉर्जियात द्राक्षांच्या पाचशेहून अधिक स्थानिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

परंतु आठ हजार वर्षांचा आकडा ऐकून भारावून जाण्यात एक धोका आहे. त्यातून असा समज होतो की, ही परंपरा डोंगरासारखी आपोआप टिकून राहिली. वस्तुस्थिती उलट आहे. शहा अब्बासच्या स्वारीत काखेतीचे द्राक्षमळे तोडले गेले. ते पुन्हा लावावे लागले. १९२१ साली लाल सैन्याने देश घेतल्यावर वाइनचे कारखाने झाले, शेकडो जातींपैकी मोजक्याच जातींना सरकारी पसंती मिळाली, आणि बाकीच्या परसदारी वाढवणाऱ्या म्हाताऱ्यांमुळे तेवढ्या वाचल्या. १९८५ साली गोर्बाचेव्ह यांनी मद्यपानविरोधी मोहीम काढली आणि पुन्हा वेलींवर कुऱ्हाड चालली. स्वातंत्र्यानंतर वाइनचे मुख्य गिऱ्हाईक रशियाच होते. २००६ साली रशियाने गुणवत्तेचे कारण देऊन जॉर्जियन वाइन आणि बोर्जोमीच्या खनिजजलावर बंदी घातली. त्यामागचे कारण राजकीय आहे हे जॉर्जियात सर्वांना ठाऊक होते. २००८ साली प्रत्यक्ष युद्धच झाले. बंदी उठली २०१३ साली. दरम्यानच्या काळात अनेक उत्पादकांना नव्या बाजारपेठांसाठी दर्जा सुधारावा लागला, आणि क्वेव्रीकडे नव्याने लक्ष गेले. आमच्या प्याल्यातली वाइन आठ हजार वर्षांची होती हे खरे. पण ती तितकीच १६१४, १९८५ आणि २००६ या सालांचीही होती.

यादी कोणी केली?

या मधल्या काळात खुद्द 'जॉर्जियन भोजन' ही कल्पना कशी घडली, तेही पाहण्यासारखे आहे. बार्बारे जोर्जाद्झे ही काखेतीतल्या सरदार घराण्यातली स्त्री. जन्म १८३३, लग्न बाराव्या वर्षी. तिने १८७४ साली जॉर्जियन पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. आज ते जॉर्जियन पाकशास्त्राचा आधारग्रंथ मानले जाते. पण त्यात देशी पदार्थांशेजारी युरोपीय पदार्थही निःसंकोच बसलेले आहेत. तिला शुद्धतेची चिंता नव्हती. घर नीट चालावे आणि बाईच्या ज्ञानाची नोंद व्हावी, एवढेच तिला हवे होते. याच बार्बारेने १८९३ साली तरुण पुरुषांना उद्देशून एक लेख लिहिला आणि स्त्रियांच्या अज्ञानाचा दोष पुरुषांच्या पदरात घातला. जॉर्जियातील स्त्रीवादी लेखनाचा आरंभ त्या लेखापासून धरतात.

सोव्हिएत काळात यादी आखीव झाली. स्टालिन स्वतः गोरीचा. मॉस्कोत 'अराग्वी' हे जॉर्जियन उपाहारगृह उच्चपदस्थांचे आवडते ठिकाण होते. अन्नखात्याचे प्रमुख मिकोयान यांच्या देखरेखीखाली १९३९ साली निघालेल्या 'चविष्ट व आरोग्यदायी अन्नाचे पुस्तक' या सरकारी ग्रंथातून आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांतून जॉर्जियन पदार्थ साऱ्या संघराज्यात पोहोचले. 'खार्चो' हे आंबट-तिखट सार व्लादिवोस्तोकपर्यंतच्या भोजनालयांत मिळू लागले. एका लहान राष्ट्राची राजकीय सत्ता काढून घेतली गेली आणि त्याचे जेवण मात्र साम्राज्याच्या सणासुदीचे जेवण झाले. आमच्या हातातल्या मेनूकार्डावरील पदार्थांची निवडही बरीचशी त्याच यादीला अनुसरून होती, हे आम्हाला नंतर उमगले. प्राचीन म्हणून जे आपण खातो, त्याचा क्रम आणि निवड पुष्कळदा कालपरवाच्या कचेरीत ठरलेली असते.

वादाचा शेवटचा पदार्थ होता 'अजिका' : लाल मिरची, लसूण आणि मसाल्यांची चटणी, आपल्या ठेच्याची सख्खी बहीण. हा शब्द अबखाझ भाषेतला, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ मीठ. १९९२-९३ च्या युद्धानंतर अबखाझिया जॉर्जियाच्या ताब्यात राहिला नाही. तिथून दोन लाखांहून अधिक जॉर्जियन लोक विस्थापित झाले आणि बहुतेकांना परत जाता आलेले नाही. त्यांच्यासाठी अजिका ही गमावलेल्या घराची चव आहे. एखाद्या अबखाझ माणसापुढे तिला 'पारंपरिक जॉर्जियन' म्हटले, तर तो निश्चितच दुखावेल. दोघांचेही म्हणणे खरे आहे. छापील मेनूकार्डात ते दोन्ही मावत नाही, इतकेच.

असो. शेवटी 'खिंकाळी' आली. मांसाचे सारण भरलेले, वर चुण्या घालून शेंडी बांधलेले हे उकडीचे गोळे पाहून आम्हाला थेट मोदकच आठवले. काटा टोचताच आतला रस बशीत सांडला. वाढणाऱ्या बाईने हसून हातानेच दाखवले : शेंडी चिमटीत धरायची, गोळा उलटा करायचा, छोटा चावा घेऊन आधी रस ओढून घ्यायचा आणि शेंडी बशीत ठेवून द्यायची. किती खाल्ले ते शेंड्या मोजून कळते. शेजारच्या टेबलावर तोवर पूर्वजांच्या नावाने प्याला उचलला जात होता. तो वयस्क गृहस्थ म्हणजे 'तमादा', मेजवानीचा सूत्रधार. सुप्राला आजचे बांधीव रूप एकोणिसाव्या शतकात, रशियन अमलाखाली आले, असे काही मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात. तसे असेलही. ज्यांना स्वतःची संसद नव्हती, त्यांनी जेवणाच्या कापडाभोवती क्रमाने बोलायची, मृतांना आठवायची आणि 'गाउमार्जोस', म्हणजे 'विजय असो', असे म्हणायची जागा तयार केली. कापडाचे नाव शत्रूच्या भाषेतले होते, याने कुणाचे काही अडले नाही.

दुसऱ्या दिवशी रेल्वेस्थानकाजवळच्या बाजारात आम्ही मसाले घ्यायला गेलो. जवळजवळ प्रत्येक अक्रोडी पदार्थात एक वास होता, मेथीसारखा पण मेथीहून सौम्य. हा निळ्या फुलांच्या मेथीचा मसाला. त्याचे नाव 'उत्स्खो सुनेली', शब्दशः 'परका सुगंध'. एका म्हातारीच्या पुढ्यात त्याची हिरवट पिवळी रास होती. नावाचा अर्थ आम्ही वाचलेला होता, म्हणून खुणांनी आणि तुटक शब्दांनी विचारले, हा कुठून येतो? प्रश्न तिला समजलाच नसावा, किंवा विचित्र वाटला असावा. तिने पुडी बांधली, आमच्या हातात ठेवली आणि रास थोपटत म्हणाली, "च्वेनी."

च्वेनी म्हणजे आमचा.